कच्च्या टाक्यांचा कोट आणि मी

मी भाषेच्या बाईंचा जुना मोबाइल बोलतोय. काच तडकली तेव्हा बाईंनी नवा घेतला आणि मला वर्गाला बहाल केलं. माणसांचं औदार्य बहुधा काच तडकल्यावरच उफाळून येतं. पण माझा कॅमेरा शाबूत आहे आणि कान तुमच्यापेक्षा तिखट.

एकदा बाई वर्गात म्हणाल्या, “‘माझे बाबा’ हा निबंध नुसता लिहायचा नाही. फोटो, आवाज आणि लिखाण, तिन्ही जोडून करायचा. शनिवारी पालकांना दाखवू.”

शिंप्याच्या मुलीने मला दुकानात नेलं. तिचे बाबा गिऱ्हाइकाचा कोट चढवून तयारच होते. कोट कच्च्या टाक्यांचा, बाहीला पांढरा दोरा लोंबतोय. तिने फोटो काढला, मग आवाज घ्यायला मला पुढे धरलं. लगेच माणसाचा पुतळा झाला.

“मी एक कष्टाळू कारागीर आहे,” पुतळा म्हणाला. “झालं का गं?”

“झालं, बाबा.”

तिने मला टेबलावर ठेवलं. बंद करायला मात्र विसरली. कोट उतरला आणि बाबांना कंठ फुटला.

“आत एवढं जास्तीचं कापड कशाला?” तिने विचारलं.

“या कोटाच्या साहेबांचं पोट अजून प्रगतीवर आहे. तुझ्या गणवेशालाही खाली दुमडून ठेवलंय. पोरी काय सांगून उंच होतात?”

मुलगी वाकून आपल्या झग्याची कड बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कष्टाळू कारागीर पुसला आणि हे बोलणं बाबांना ऐकवलं. बाबांचा चेहरा उतरला.

“घरातलं बोलणं चारचौघांत? हसतील गं मला! त्यापेक्षा कोटातला फोटोच ठेव. त्यात कसा रुबाबदार दिसतो.”

आवाज गेला तर निबंधात नुसता पुतळा उरणार होता. मुलीने तोड काढली.

“रुबाब फोटोत ठेवते, बोलणं आवाजात. साहेबांचं पोट तेवढं कापते. चालेल?”

“आणि तो लोंबता दोरा?”

“त्याचं लिखाणात सांगते.”

बाबांनी मान हलवली, नाइलाजाने हलवतात तशी.

शनिवारी भिंतीवर कोट झळकला. दोरा बघून लोक हसले, मग बाबांचा आवाज आला आणि हसणं थांबलं. शेवटी मुलीने लिहिलेलं वाचलं, “दोरा लोंबणारा हा कोट गिऱ्हाइकाचा आहे. गणवेशात दुमडलेलं कापड मात्र माझं.” बाबा मागच्या बाकावर उगाच बाही झटकत बसले.

आता माझी बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, पण वर्गातला माझा भाव अजून उतरलेला नाही. विनंती एकच. माणूस “झालं” म्हणाला, की लगेच मला बंद करू नका. तो तिथूनच बोलू लागतो.