फळी हाताला लागली

मुलीने पाण्यात तोंड बुडवलं, तसा पोहण्याच्या तलावाकाठी बाकावर बसलेल्या आईने श्वास रोखला. मुलगी मान वळवून वर आली, तेव्हा आईने तो सोडला. मांडीवरच्या टॉवेलखाली तिची बोटं हळूच पाणी कापत होती.

"तुझा खांदा का हलतो गं मघापासून?" शेजारी बसलेल्या नणंदेने विचारलं.

"अवघडलाय, ताई. रात्रभर ही माझ्या हातावर झोपते."

"असेल. मला वाटलं, पोरीऐवजी तूच पोहतेस." नणंद हसली. आईही हसली, जरा उशिरा.

मुलीला पोहायला शिकवायचं नणंदेनेच काढलं होतं. होडी उलटून तिचा भाऊ बुडाला, तेव्हा ही पोटात होती. हिला तरी पाण्याची भीती नको, म्हणाली. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? आईने पहिले काही रविवार पाणी बघवत नाही म्हणून टाळले. मग आईही हवीच म्हणून मुलगी हट्टाला पेटली.

होडी उलटली त्या दिवसाबद्दल आई एकच सांगत आली होती. पोलिसांना, सासूला, शेजारणींना. 'मला पोहता येत नाही. फळी हाताला लागली म्हणून वाचले.' इतक्यांदा सांगितलं, की आताशा ती फळी तिला दिसायचीसुद्धा. ओली, एका टोकाला खिळा निघालेली. लहानपणी ती पैजा लावून नदी ओलांडायची, हे सांगायला माहेरचं कोणी उरलं नव्हतं.

तिने डाव्या हाताची करंगळी मुठीत दुमडून घेतली. ती लग्नानंतर वाकडी झाली, ती झालीच. दारात सापडली, असं तेव्हा सांगितलं होतं. तेही सगळ्यांना पटलं होतं.

शिट्टी वाजली. शिक्षक बाकीच्या मुलांना घेऊन कपडे बदलायच्या खोलीकडे गेले. मुलगी काठाला लोंबकळत राहिली.

"अजून थोडं, आत्या!"

"इकडे ये बेडके, कानात सांगते." नणंद खोल पाण्याच्या बाजूला गेली, वाकली, काहीतरी पुटपुटली. मुलगी खुदखुदली. नणंद आईकडे वळली. "अगं, हिच्या चपला आण ना दारातून. ओल्या पायांनी घसरेल."

आई चपला घेऊन परतली तेव्हा पाणी काचेसारखं पडलं होतं. मुलगी दिसेना. मग दिसली. तळाशी, पालथी, हात सैल सोडलेले, केस पसरलेले.

नणंद काठावर उभी होती. हात पाठीमागे बांधून.

"ताई! अहो ताई, ती बघा—"

"मला कुठे पोहता येतं?" नणंद म्हणाली.

चपला आधी पडल्या की आईने सूर आधी मारला, कोण जाणे. पाणी फारसं उडालंही नाही. ती सरळ तळाशी गेली, एका हाताने लेकीला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने पाणी मागे टाकत वर आली.

मुलगी खोकली आणि खिदळायला लागली.

"जिंकले! आत्या म्हणाली, तळाला गप्प पडून राहा, आई येते का बघू. आई, तुला येतं की गं!"

आईने लेकीचे ओठ पाहिले, नखं पाहिली, ओल्या टाळूवर गाल टेकवून ठेवला. मुलगी वैतागून सुटेपर्यंत ती तशीच राहिली.

नणंदेने मुलीला वर ओढून टॉवेलात गुंडाळलं. केस अगदी हळू पुसले, गुंता ओढला जाऊ नये असे.

"जा, कपडे बदल. आई येतेय."

पावलांची ओली पचपच दूर गेली. नणंद काठावर खाली बसली. तिची चप्पल पाण्याला टेकली, ते तिला कळलं नाही.

"मी त्याला कडेवर वाढवलंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दुसरं काही विचारत नाही. किती लांब होता गं तो तुझ्यापासून?"

आई अजून पाण्यातच होती. तिने काठ धरला होता. वाकडी करंगळी तेवढी फरशीपासून वर राहिली होती. नणंदेची नजर तिथे गेली आणि तिथेच थांबली.

आईने मान वळवून तलावाचा दुसरा काठ पाहिला.

"एवढाही नाही, ताई."