जॅक्सनच्या वाट्याचे टॉवेल

चार दिवस मम्मीने केबिनमधली चादर बदलू दिली नव्हती. टॉवेलही एकच वापरला. तो ती बाल्कनीतल्या खुर्चीवर वाळत घालायची. आमची केबिन सांभाळणारा स्टॅनी, पन्नाशीतला गोव्याचा माणूस, रोज सकाळी नवे टॉवेल घेऊन दारात उभा राहायचा.

"राहू दे रे बाबा," मम्मी म्हणायची. "खाली माझा मुलगा धुतो. तेवढाच त्याला एक कमी."

"आंटी, खाली दिवसाला टनाने कपडे येतात."

"मग टनात एक कमी."

स्टॅनी हसायचा आणि टॉवेल कपाटात ठेवून जायचा.

माझा भाऊ जॅक्सन याच जहाजाच्या लाँड्रीत आहे, दुसऱ्या डेकवर. आम्ही नवव्यावर. पप्पांच्या मातीला तो पोचू शकला नव्हता, आणि त्यानंतर मम्मीने त्याला पाहिलेलं नाही. जहाज मुंबईहून दीवला जाणार हे कळलं, तेव्हा तिने भुईगावहून मला वसईत एव्हरशाईनच्या घरी फोन केला. "विनी, तिकीट काढ. तो येत नाही तर आपण जाऊ." उद्या सकाळी आम्ही मुंबईला उतरणार आणि जहाज त्याला घेऊन सिंगापूरला जाणार, नऊ महिन्यांसाठी.

लाँड्रीतल्या माणसांना प्रवाशांच्या डेकवर यायची मुभा नसते. खटपट करून जॅक्सनने लेखी परवानगी मिळवली होती: शेवटच्या दिवशी, दुपारी चार ते साडेचार. मम्मी दोन वाजताच साडी नेसून बसली.

सव्वातीनला केबिनमधला फोन वाजला. मागे यंत्रांचा आवाज होता.

"दीदी, कॅन्सल झालं. वर उलट्या-जुलाबाची साथ आलीये. त्या केबिन्सचं सगळं लाल पिशव्यांतून खाली येतंय. आमचं वर येणं बंद."

"किती जण?"

"सकाळपर्यंत सतरा. मम्मीला दे ना."

मम्मीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "जेवलास?" तिने विचारलं. मग, "बरं. बरं. कर तू काम."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "जा, सांग त्यांना. एवढं शिकलीस ना?"

मी खाली रिसेप्शनवर गेले. वसईत एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांच्या तपासण्या करते, हेही सांगितलं. काउंटरवरची बाई नम्र होती.

"मग तर तुम्हाला कळेलच, मॅडम."

मला कळत होतं. त्या विषाणूचे मोजके कण पुरतात. दारोदारी हातांना चोळायला ठेवलेल्या त्या जेलने तो धड मरतही नाही. आजाऱ्यांच्या चादरी हाताळणाऱ्याला सत्तरीच्या बाईजवळ बसू देऊ नये. काउंटरवरच्या बाईच्या जागी मीही तोच कागद रद्द केला असता. मी परत आले.

"काय म्हणाली?"

"बरोबर म्हणाली."

"तुला मी तिच्या बाजूने बोलायला पाठवलं होतं?"

मम्मी बाल्कनीत गेली. "आपलं गाव कुठे?"

"रात्री अर्नाळा येईल, मग भुईगाव. पण ते पलीकडच्या अंगाला. आणि इथून दिसायचं नाही, लांब आहे."

"ते लांब आहे, ठीक," ती म्हणाली. "हा तर खालीच आहे ना?"

पाच वाजता स्टॅनी बॅगांना बांधायच्या चिठ्ठ्या घेऊन आला. तोंडावर मास्क, हातात मोजे. त्याला सगळं कळलेलं होतं.

"तुम्ही उतरलात की सगळं काढणार, आंटी. वापरलेलं, न वापरलेलं, कपाटातलंसुद्धा. तसा हुकूम आहे."

"म्हणजे मी चार दिवस वाचवलं ते?"

"सगळं खाली."

 मम्मीने कपाट उघडलं. एकेक टॉवेल उलगडून ती त्यात तोंड खुपसून पुसायची, जरा थांबायची आणि टॉवेल पलंगावर ठेवायची.

"आत्ताच ने," ती स्टॅनीला म्हणाली. "उद्या त्याला फार होतील."

स्टॅनीने माझ्याकडे पाहिलं. सत्तर अंशांच्या वर पाणी, त्यात ब्लीच. त्यातून कुणाचा वास, स्पर्श, काहीही उरत नाही. शिवाय कुठला टॉवेल कुठल्या केबिनचा, हे खाली कुणालाच कळत नाही.  मी स्टॅनीच्या पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिले.

शेवटचा टॉवेल मम्मीने माझ्यापुढे केला.

"तूही तोंड पूस," ती म्हणाली.

मी पुसलं.