टेकाडाच्या तळाशी झाकण

आमच्या घरासमोरच्या टेकाडात चाळीसेक माणसं पुरलेली आहेत, हजारो वर्षांपासून, सगळी एकाच दगडी खोलीत. "एवढं मोठं कुटुंब, पण कधी भांडणाचा आवाज नाही," असं बाबा टेकाड बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. तीस वर्षं ते या टेकाडाचे राखणदार होते. आता मी आहे. नियम एकच: कुदळ लावायची नाही. गवतसुद्धा कापायचं, उपटायचं नाही.

परवा पुरातत्त्व खात्याकडून तपासणीला आलेल्या बाईंनी पावसाने खचलेली कड दाखवली. काळ्या मातीत पिवळ्या मातीचा हातभर रुंद पट्टा सरळ आत गेला होता.

"इथे कुणीतरी खणून परत बुजवलंय. भर फार जुनी दिसत नाही, तुमच्या वडिलांच्या काळातली असणार."

"बाबांनी चोरी केली म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. पण अहवालात लिहावं लागेल."

काही न म्हणता सगळं म्हणायची ही ऑफिसातली रीत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. बाबांना हल्ली सकाळचा चहा झाला की नाही तेही आठवत नाही. ते स्वतःची बाजू काय मांडणार?

तरी बाईंना घरात नेलं. बाबा खिडकीशी बसले होते.

"बाबा, टेकाड कुणी खणलं होतं?"

"साळिंदरांनी," ते लगेच म्हणाले. "बीळ पार हाडांपर्यंत गेलं होतं. साहेबांनी बुजवायला सांगितलं, मी बुजवलं."

"आजोबा, पण हे कशावरून?" बाईंनी हळूच विचारलं.

बाबा उखडले. "कशावरून म्हणजे? तळाशी झाकण टाकलंय की! बुजवण्याआधी आपल्या काळातली वस्तू टाकायची, म्हणजे पुढच्यांना कळतं. तुम्हाला शिकवलं नाही का कुणी?"

बाई ओशाळल्या. बाहेर जाऊन त्यांनी पट्ट्याच्या तळाची माती ब्रशने झाडली. सोड्याच्या बाटलीचं गंजकं झाकण निघालं, त्यावर खिळ्याने कोरलेलं साल. त्यांनी ऑफिसला फोन लावला. त्या सालच्या फायलीत साहेबांचा हुकूम होता, खाली बाबांची सही. माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच गवतात बसून रडले.

कड पुन्हा बुजवायची, तर आजची वस्तू हवी. मी लोणच्याच्या बरणीचं झाकण आणलं. बाबांनी खिळा मागून घेतला.

"साल कुठलं चालू आहे गं?"

मी सांगितलं. त्यांनी ते सावकाश, ठसठशीत कोरलं आणि झाकण माझ्या हातात दिलं.

"घे. आता मी विसरलो तरी चालेल."