रविवारची सुट्टी

"तुम्हीच तर म्हणालात, ते बारा शब्द पाठवा म्हणून." जयप्रकाशकाकांनी मोबाइल अस्मितापुढे धरला.

पडद्यावर तिचंच नाव होतं, फोटोही तिचाच. लिहिणारी तेवढी ती नव्हती.

काकांच्या बेलापूरच्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. ओळख सगळी मोबाइलवरची. क्रिप्टो शिकणाऱ्या मराठी माणसांचा ग्रुप सांभाळायची अस्मिताची नोकरी. तो बाजार कधी बंद होत नाही, त्यामुळे लोकांचे प्रश्नही थांबत नसत. जेवताना, वडिलांना दवाखान्यात नेताना तिचा अंगठा आपला चालूच. शेवटी हाताला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा वडील म्हणाले, "अस्मे, किराणावाला बी एक दिवस शटर वढतो. तू कवा वढनार?"

तिने रविवारची सुट्टी ग्रुपवर जाहीर केली. सगळ्यांत आधी काकांनीच लिहिलं, 'बरं केलंत. टिकायचं तर दमानं घ्यावं.'

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं. ग्रुपवर नवीन माणूस आला की ते त्याची विचारपूस करायचे, अस्मिताकडून शिकलेलं त्याला समजावून सांगायचे. दिवसाला तेवढा एक अर्थ होता.

काल, रविवारी, ती वडिलांबरोबर सारसोळ्याच्या जेट्टीवर बसली होती, फोन घरी ठेवून. नेमकं तेव्हाच काकांचं क्रिप्टोचे पैसे ठेवायचं वॉलेट उघडेना. त्यांनी ग्रुपवर तिला हाक मारली आणि तिच्या नावाने भलत्यानेच ओ दिली.

"काका, ते शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. परक्याला देऊ नका, हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात ना?"

"परक्याला देऊ नका, असंच सांगायचो. तुम्ही कुठं परक्या?"

व्यवहारांच्या जाहीर नोंदीत तिने त्यांना दाखवलं, त्यांचं सगळं कुठल्या अनोळखी वॉलेटच्या पत्त्यावर गेलं ते.

"दिसतंय की," काका हुरूपाने पुढे सरकले. "मग आणा परत."

"दिसतं सगळ्यांना, काका. परत कोणालाच आणता येत नाही."

तिने सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवून दिली. 'मिळेल' म्हणावंसं वाटलं, पण म्हणाली नाही. काकांनी तक्रारीचा क्रमांक कागदावर उतरवून घेतला.

"यात तुमच्या नोकरीला काही होणार नाही ना?"

"नाही, काका."

"मग ठीक." त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "मला त्या ग्रुपमधून काढून टाका. नव्या माणसांना आता कोणत्या तोंडानं सांगू?"

तिने आढेवेढे घेतले. काकांनी हात मागे घेतला नाही. शेवटी तिनेच ते बटण दाबलं.

खाली सोसायटीच्या बाकावर बसून तिने ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या नावाने कोणीतरी फसवतंय. बारा शब्द कोणालाही देऊ नका. मलासुद्धा.'

लगेच एका नव्या बाईचा प्रश्न आला, 'ताई, हे तुम्हीच लिहिताय ना?'

अस्मिताने 'हो' टाइप केलं. मग पुसलं. तिच्या नावाने लिहिणाऱ्या त्या दुसरीनेही हेच लिहिलं असतं.