कोंडीबाची मंडळी

शिवार पक्षाचा इतिहास मी लिहिला आणि पहिल्याच पानावर माती खाल्ली.

पक्षाच्या जुन्या वहीत एवढीच ओळ होती: 'ऊसदरासाठी माढ्याच्या कोंडीबाची मंडळी रस्त्यात बसली. ट्रॅक्टर थांबले.' त्या बसण्यातूनच पुढे हा शेतकऱ्यांचा पक्ष उभा राहिला. मी ऐटीत लिहिलं, 'कोंडीबांनी पन्नासभर माणसं घेऊन रस्ता अडवला.' तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण मंडळी म्हणजे बायको, हे काही केल्या सुचलं नाही!

नवी पेठेतल्या छापखान्यात छपाई सुरू होणार, इतक्यात कोंडीबांची बायको सोजरबाई नवऱ्याला घेऊन हजर. नातीने त्यांना कच्ची प्रत वाचून दाखवली होती.

"पन्नास माणसं कुटं हुती? मी एकटी बसले. माजं नाव घाला."

पक्षाचे अध्यक्ष बाळासो हसले. "आक्का, चाळीस वर्षं तात्यांचा सत्कार करतोय की आमी. आता कसं बदलायचं? तात्या, तुमीच सांगा हिला."

कोंडीबा खाली बघत म्हणाले, "मी त्या दिशी वैरागच्या बाजारात हुतो. तुमी हार घालत गेला, मी घालून घेत गेलो."

मला त्यांचा राग आला. माझा स्वतःचा त्याहून जास्त आला.

"बरं, दोघांची नावं घालू," बाळासोंनी तोडगा काढला.

"न्हाय." सोजरबाईंनी पदर खोचला आणि छापखान्याच्या दारातच बसकण मारली. बाहेर कागदाचे गठ्ठे घेऊन रिक्षा उभी होती. आत यायला वाट उरली नाही.

"बाई, तुम्ही तरी कच्च्या प्रतीवर सही करा, छपाई सुरू होऊ दे," बाळासो माझ्यावर खेकसले.

"यांचं एकटीचं नाव लागेपर्यंत सही मिळणार नाही," मी म्हणाले. छापखान्याच्या विरेशने मशीन बंद केलं आणि चहा सांगितला.

तासभर झाला. बाहेरचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला. कोंडीबांना काय वाटलं कोण जाणे, धोतर सावरत तेही दारात बायकोशेजारी टेकले.

सोजरबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"तुमी उटा. न्हायतर परत तुमचंच नाव लागंल."

कोंडीबा मुकाट्याने उठले. मग बाळासोंनी पहिलं पान पुढे ओढलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.