दोनशे दहाची काच

“काच घ्यायचीय का नुसती बघायचीय? पोरगी बघाय आलायस व्हय?” झुंबरतात्यांनी विचारले.

इंदापूरच्या त्यांच्या बंद पडलेल्या स्टुडिओत, टेबलावर अंथरलेल्या फडक्यावर दोन भिंगे ठेवलेली होती. एक नव्वद मिलिमीटरचे, रुंद पाहणारे. दुसरे दोनशे दहाचे. त्याची नजर अरुंद, पण चेहरा जिथल्या तिथे ठेवणारी. दोन्ही घेण्याची संघपालची ऐपत नव्हती, आणि उरेल ते उद्या पुण्याचा व्यापारी नेणार होता. काळ्या भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा त्याने एका मोडीत निघालेल्या छापखान्यातून आधीच आणून ठेवला होता. भिंगावाचून तो म्हणजे डोळे नसलेले डोके होते. बारामतीजवळच्या एका शिक्षणसंस्थेचा रौप्यमहोत्सव होता, साल सत्त्याण्णव. सभागृहात भिंतभर फोटो लागला पाहिजे आणि त्यात प्रत्येक चेहरा ओळखू आला पाहिजे, असे अध्यक्ष मानसिंगरावांचे फोटोग्राफर संघपालला फर्मान होते. तेवढा मोठा फोटो साध्या कॅमेऱ्याच्या चिमुकल्या फिल्मवर निघत नाही.

संघपालला भय भिंगाचे नव्हते. त्याची आई रंगुबाई त्याच संस्थेत झाडलोट करीत असे आणि त्या महिन्याअखेर निवृत्त होणार होती. संस्थेचा फोटो दरवर्षी निघे. दरवर्षी तिला ओळीच्या टोकाला उभे करीत; फोटोग्राफर ‘जरा आत सरका’ म्हणे, आणि आत घुसणाऱ्यांच्या रेट्यात ती मागे पडून चौकटीबाहेर राही. हा कोणाचा कट नव्हता. कट करण्यासाठी माणूस आधी दखलपात्र असावा लागतो.

“रुंद घे,” तात्या म्हणाले. “समदी मावत्याल. पर कडंची माणसं ताणली जात्यात. तोंडाचा पार भोपळा हुतो. मधल्यांना काय हुत न्हाय.”

“कडंला कोण ऱ्हातं, तात्या?”

“मला काय इचारतोस? तुला ठावं न्हाय व्हय?”

भिंगशास्त्र आणि गावशास्त्र यांचे या मुद्द्यावर संपूर्ण मतैक्य होते: मध्यभागी बसणाऱ्यास विकृती बाधत नाही.

“आन् ह्यानं?”

“ह्यानं तोंडं झ्याक. पर माणसं दाटीनं, चार वळी करून बसवाय लागत्याल. चारी वळी साफ पायजेत तर भिंगाचं भोक बारीक करायचं. मंग उजेड कमी, म्हून सावलीत एक सेकंद कुणी हलायचं न्हाय. हललं का पुसलं.”

“एका सेकंदात कोण हलतंय?”

“ते बी खरं. सायबापुढं माणूस जलमभर हलत न्हाय. सेकंदाचं काय घिऊन बसलास!” तात्या खोकत हसले.

रुंद भिंग घेतले असते तर कोणाला काही सांगावे लागले नसते. आई फोटोत आली असती, भोपळा होऊन. अरुंद घ्यायचे, तर ओळींची टोके मोडून माणसे मध्ये घ्या, असे सांगावे लागणार होते. तेही मानसिंगरावांसमोर. तरीही त्याने दोनशे दहाचेच उचलले.

परतीच्या एस.टी.त तो एकच वाक्य घोळवीत राहिला. लासुर्ण्यापर्यंत ते वाक्य विनंती होते. बारामतीला उतरेतो त्याची क्षमायाचना झाली होती.

ठरल्या दिवशी इमारतीच्या सावलीत खुर्च्या मांडल्या गेल्या. पुढे सतरंजी, त्यावर मुले, मागे खुर्च्यांत संचालक, त्यांच्या पाठी शिक्षक, बाकांवर लिपिक, आणि दोन्ही टोकांना शिपाई मंडळी. काळ्या कापडाखाली संघपालने कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या धुरकट काचेवर पाहिले. डावे टोक कापले जात होते. टोकाला आई होती. कापडाखाली अंधार होता, आणि तिथेच राहावे असे त्याला फार वाटले.

तो बाहेर आला. “सर, कडंची माणसं बसत न्हाईत. मधी घ्यावी लागतील.”

“मग ऱ्हाऊ द्या की,” हेडमास्तर हिंदुराव म्हणाले. “शिपायांचंच टोक हाय ते.”

रंगुबाई निघालीही. “मी च्याचं बगते.”

“आये, थांब.”

मधल्या खुर्चीतून मानसिंगरावांनी मान वळवली. त्यांचा राग तिथे कोणीच पाहिलेला नव्हता. ज्यांनी पाहिला ते आता नोकरीत नव्हते.

“तुझी आय का रं ती? मग आदी न्हाय का सांगायचं?” ते प्रसन्न हसले. “ये रंगू. हितं बस, माझ्या पायापाशी. एकदम सेंटरला!”

लोकही हसले. औदार्य पाहून हसण्याची रीत आहे.

रंगुबाईने सतरंजी पाहिली. बूट पाहिले.

“गुडघं धरल्यात, सायेब. खाली बसलं तर उठाय यायचं न्हाय. मी मागं हुबी ऱ्हाते.”

तेच गुडघे आदल्या दिवशी विहारात वंदनेला बसताना ठणठणीत होते. साहेबांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, आणि त्याचीच भीती होती.

“बरं. ऱ्हा,” ते म्हणाले.

ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. खेळाचे मास्तर अंग चोरून बाजूला झाले.

फिल्म आत सरकवली की या कॅमेऱ्याची काच झाकली जाते. मग फोटोग्राफरला कापडाचा आडोसा उरत नाही. त्याला कॅमेऱ्याशेजारी उभे राहून सगळ्यांकडे उघड्या डोळ्यांनी पाहावे लागते. संघपालने पाहिले.

“हलू नका.”

अख्खी संस्था त्याच्या शब्दावर थिजली. त्याने कळ दाबली.

त्याच क्षणी मानसिंगराव घशातल्या घशात खाकरले. त्यांचा चेहरा तसूभरही हलला नाही. आणि त्यांच्यामागे रंगुबाईचा हात जुन्या सवयीने आपोआप उठला, पदर डोक्यावर ओढला गेला, मान खाली गेली. सेकंद अजून संपला नव्हता.

फिल्म धरणाऱ्या चौकटीच्या दुसऱ्या बाजूस आणखी एक फिल्म भरलेली होती. तो म्हणणारच होता, “अजून एक…”

“झालं की?” म्हणत साहेब उठले. त्यांच्यासोबत सगळेच उठले.

“झालं, साहेब,” संघपाल म्हणाला.

आपल्या निरोपाच्या दिवशी रंगुबाई सभागृहात फोटोपुढे उभी राहिली. तो तिच्या मागे. हिंदुरावांच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. अध्यक्षांच्या खुर्चीमागे एक हिरवे लुगडे होते, आणि त्याच्या वर चेहऱ्याच्या जागी फिकट धूर.

ती फोटोजवळ सरकली.

“लुगडं कसलं झ्याक आलंय बग. काठ सुदीक दिसतोय.”

फोटोच्या काचेवर धूळ होती. तिने पदराचे टोक हातात घेतले आणि चारी कोपरे, चारी ओळी, निगुतीने पुसून काढल्या. मधोमध साहेबांच्या तोंडापाशी आल्यावर हात थांबला.

तेवढी धूळ तिने राहू दिली.