अर्धा लिटर कमी

इंजिनचं हेड उतरवून टेबलावर ठेवलं होतं आणि त्यात काहीही बिघाड नव्हता. मेकॅनिकची याहून मोठी बेअब्रू नाही. पोट दुखतंय म्हणून माणसाचं पोट उघडावं आणि आत सगळं ठणठणीत निघावं, तसं. लायनरवर ओरखडा नाही, व्हॉल्व्हचे सील धडधाकट. रिंगा तर गेल्या खेपेला मीच टाकलेल्या. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्याच कानाखाली वाजवून घेणं.

तरी ट्रक ऑइल पीत होता. माझ्या गॅरेजच्या गल्लीत आधी निळा धूर यायचा, मागून ट्रक यायचा आणि सगळ्यात शेवटी दाजी, खोकत. ट्रक सिमेंटचे पाइप वाहायचा आणि ताईचं घर त्या ट्रकवर चालायचं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, दाजी तिचे यजमान, ट्रक तेच चालवायचे. ट्रक बसला की ते घर बसलं, एवढा सरळ हिशोब.

दाजींशी माझं जुनं वैर. मी त्यांच्या ट्रकचा हॉर्न रिव्हर्सच्या वायरीला जोडून दिला होता. मागे घेतला की बोंबलायचा. त्याचा सूड म्हणून त्यांनी माझ्या सगळ्या पान्यांच्या मुठींना ग्रीस फासलं. असं चालायचं. मला ते ‘मेहुणे’ म्हणायचे, पण असं लांबवून की त्यात शिवी ऐकू यावी.

इंजिन उघडण्याआधी मी ऑइल खाली सोडलं तेव्हा ट्रे भरून वाहिला होता. मी शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरच्या नावानं खडे फोडले, की ट्रेमध्ये पाणी तसंच ठेवतो म्हणून. तो म्हणाला, मी तुझ्या ट्रेला हातही लावलेला नाही. मी म्हटलं, खोटारडा. डोकं तिथंच चालायला हवं होतं, पण माझं डोकं टिंगल करताना जेवढं चालतं तेवढं कामाच्या वेळी चालत नाही.

सगळं पुसून परत बसवलं. नवं ऑइल मोजून भरलं, पट्टी घालून पाहिली. ऑइल मोजायची ती लांब चपटी पट्टी, तिच्यावर दोन रेघा, ऑइल या दोन्हींच्या मधे हवं. मी बरोबर वरच्या रेघेवर आणून ठेवलं. इंजिन चालू केलं तर धुराचा ठिपका नाही.

दुपारी दाजी ट्रक न्यायला आले. आल्याआल्या बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, फडक्याला पुसली, पुन्हा घातली, काढली. उजेडाकडे धरून मान जराशी वाकडी केली.

“अर्धा लिटर कमी आहे,” ते म्हणाले आणि डब्यासाठी हात पुढे केला.

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. दारात उभ्या वेल्डरला डोळा मारला. मग पट्टी त्यांच्या हातून घेतली, म्हटलं थांबा, नीट पुसून घालतो, आणि पाठ वळवून ती खिशात सरकवली. भंगारात एका मेलेल्या इंजिनची पट्टी पडली होती. कोरडी ठणठणीत, गंजून लालभडक. ती त्यांच्या हातात दिली. म्हटलं, आता बघा.

दाजींनी ती उजेडाकडे धरली. मान वाकडी केली. बराच वेळ पाहिली.

“हं. थोडंच कमी आहे. घाल पाव लिटर.”

वेल्डर इतका हसला की त्याचा तोंडावरचा मुखवटा खाली पडला. मीही पोट धरून हसलो. मग दाजीही हसले, पण आम्ही हसलो म्हणून. कशाला हसतोय ते त्यांना माहीत नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं आणि माझं हसू तिथंच सुकलं. वेल्डरनं माझ्याकडे पाहिलं, मुखवटा उचलला आणि आपल्या गाळ्यात निघून गेला.

आता सगळं उमगलं. ट्रे का वाहिला ते, आणि धूर कुठून आला तेही. रोज सकाळी दाजी पट्टी बघायचे, रेघ दिसायची नाही, कमी असेल म्हणून ओतायचे. ऑइल जास्त झालं की इंजिन त्याला घुसळून फेस काढतं, तो फेस नळीतून हवेच्या वाटेनं आत जातो आणि जळतो. लोक धुरावरून शिव्या घालायचे, की दाजींना वाटायचं, ऑइल जळतंय, उद्या आणखी ओतू. मी मात्र सगळं इंजिन उकलून त्यात दोष हुडकत बसलो होतो.

मी विचारलं, कधीपासून. ते बॉनेटला टेकून उभे राहिले. नजरेच्या मधोमध डाग आलाय, म्हणाले, कडेकडेनं दिसतं. डॉक्टरला दाखवलं होतं, चष्म्याचं काम नाही म्हणाला. ताईला माहीत नाही. पण रस्ता पाठ आहे, वळणं पाठ आहेत, दिवसाउजेडी काही अडत नाही. हे सगळं ते अशा आवाजात सांगत होते, जसं मी गिऱ्हाइकाला सांगतो, की आवाज येतोय पण काळजीचं कारण नाही.

मग त्यांनी हात पुढे केला. मी खिशातली खरी पट्टी त्यांना दिली. त्यांनी अंगठ्यानं ती रेघ चाचपली.

“इथं कानशीनं एक खाच पाड. नखाला लागेल अशी. ओलं कुठवर आहे ते बोटाला कळतं मला.”

कानस समोरच होती. काम चहा गार व्हायच्या आत संपलं असतं. धूर थांबला असता, ट्रक धावला असता, ताईची चूल चालू राहिली असती. मी कानस उचललीसुद्धा.

“दाजी, पट्टीला पाडतो,” मी म्हटलं. “रस्त्यात माणूस आडवा आला तर त्याला कुठं खाच पाडू?”

दाजींनी हातातली पट्टी फडक्याला पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली. मग ती परत नळीत घालायला गेले. भोक सापडेना. मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. तोंड पार दुसरीकडे वळवून, कडेच्या नजरेनं, त्यांनी ती बरोबर आत घातली. बॉनेट लावलं. किल्ली काढून टेबलावर ठेवली, हेड ठेवलं होतं त्याच जागी.

मी ती उचलून म्हटलं, चला, घरी सोडतो. सवयीनं ते ड्रायव्हरच्या दाराशी गेले, मूठ धरली आणि सोडली. ट्रकला वळसा घालून पलीकडे गेले. ते दार वर उचलून ओढावं लागतं. इतकी वर्षं त्यांचा ट्रक, पण त्या बाजूनं ते कधी चढलेच नव्हते. मी आतून उघडून दिलं.

इंजिन सुरेख चालत होतं. आरशात पाहिलं, मागं रस्ता स्वच्छ. कौतुक करणारं कुणी नव्हतं.

दाजी मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. ताईला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. तेवढ्यात त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. समोर कुणी आलं की त्यांचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता, ब्रेक असल्यासारखा. एक सायकलवाला आडवा गेला. मी ब्रेक मारला, सायकल निघून गेली, मी पुन्हा वेग घेतला. मग दाजींनी पाय दाबला.